सूक्ष्मदर्शक कुणाचा? सगळ्यांचा!

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे का? आणि असेल, तर तो कुठं आहे?

थांबा, मीच सांगते! प्रयोगशाळेतल्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शिवाय कपाटाला कुलूप. बरोबर ना? वर्षातून एकदा तो खाली उतरतो. मग कांद्याचा पापुद्रा बघायला आख्खा वर्ग रांग लावतो आणि देवळातल्यासारखं "चला, पुढं चला!" सुरू होतं. डोळा नीट टेकतोय न टेकतोय, तोच तुमची पाळी संपलेली असते.

आता कुलूप लावणाऱ्यांना लगेच नावं ठेवू नका हं. वस्तू महागाची, मुलं पन्नास आणि भिंग फुटलं तर नवं कधी येईल याचा भरवसा नाही. त्यांची भीती खोटी नाही. पण आज मी तुम्हाला अशा एका जागेची गोष्ट सांगणार आहे, जिथं एकेका सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटींच्या घरात असते आणि तरीही तो कपाटात बसत नाही. आज हा माणूस, उद्या तो माणूस, परवा तिसऱ्याच देशातली एखादी ताई येते, त्यावर काम करते आणि निघून जाते. मग तिथं कुलपाचं काम कोण करतं? ओळखा बघू. तोवर गोष्ट ऐका.

गुपित ठेवणारा आणि सांगून टाकणारा

आधी साडेतीनशे वर्षं मागं जाऊ. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात आन्तोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत होता. त्याला भिंगांचं भारी वेड. दोन छोट्या धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भिंग, एवढाच त्याचा सूक्ष्मदर्शक. पण त्यातून त्यानं पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. १६७०च्या दशकात त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं पाठवून हे कळवलं, तेव्हा तिथले विद्वान थक्कच झाले.

पण गंमत पाहा. जे दिसलं ते तो सगळ्यांना सांगायचा, मात्र भिंग कसं बनवलं ते सांगायचा नाही. पाचशेहून जास्त भिंगं त्यानं बनवली म्हणे! १७२३ साली तो वारला आणि गुपित त्याच्याबरोबरच गेलं. त्याच्या तोडीचं भिंग त्यानं कसं बनवलं असेल, यावर लोक पुढं तीनशे वर्षं डोकं खाजवत राहिले. त्याचे मोजकेच सूक्ष्मदर्शक उरलेत. ते उघडावेत तर मोडायची भीती.

शेवटी २०२१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक युक्ती केली. न्यूट्रॉन किरण धातूतून आरपार जातात. त्यांच्या मदतीनं त्यांनी सूक्ष्मदर्शक न उघडताच आतलं भिंग पाहिलं. त्यातल्या सर्वांत ताकदवान सूक्ष्मदर्शकात काय निघालं? काच वितळवून केलेला एक साधा मणी! आणि असा मणी कसा बनवायचा, हे इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७८ साली सरळ छापून टाकलेलं होतं. म्हणजे ज्याला जग तीनशे वर्षं गुपित समजलं, ते शेजारच्या देशात पुस्तकात उघडं पडलेलं होतं. कळलं? ज्ञान लपवून ठेवलं की नुकसान सगळ्यांचं होतं.

दोघांसाठी एक सूक्ष्मदर्शक

आता जर्मनीला जाऊ. नेकार नदीच्या काठी हायडेलबर्ग नावाचं सुंदर गाव आहे. गावाबाहेर दाट झाडीच्या टेकडीवर एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिचं नाव युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी. सगळे तिला ईएमबीएल म्हणतात. १९७४ साली दहा देशांनी वर्गणी काढून ती सुरू केली. आपण गणपतीला काढतो ना वर्गणी, तशीच! एकट्यादुकट्या देशाला जे झेपलं नसतं, ते सगळ्यांनी मिळून उभं केलं.

१९७८च्या सुमारास तिथं क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोन तरुण शास्त्रज्ञ आले. दोघांना मिळून एक लहानशी खोली. विषय काय, तर पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावतात ती फळमाशी! तिच्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यात डोकं कुठं व्हायचं, शेपूट कुठं, अंगावर पट्टे किती, हे कोण ठरवतं? त्यांनी एक खास सूक्ष्मदर्शक घेतला. त्यातून दोन माणसांना एकाच वेळी एकच अंडं बघता यायचं. समोरासमोर बसून वर्षभराहून जास्त काळ ते दोघं बघत राहिले. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याला दिसायचं. एकाला शंका आली तर तिथल्या तिथं वाद आणि तिथल्या तिथं निकाल!

त्यातून सापडली शरीराचा आराखडा ठरवणारी जनुकं. पुढं कळलं की तशीच जनुकं माणसातही असतात. १९९५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं, एडवर्ड लुईस या तिसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर. "माझा सूक्ष्मदर्शक, हात लावू नकोस!" असं त्यांच्यातलं एक जण म्हणालं असतं तर?

कवडसा, मेदूवडा आणि काजवे

१९९०च्या दशकाच्या अखेरीस याच ईएमबीएलनं प्रगत सूक्ष्मदर्शकांचं एक सामाईक दालन सुरू केलं. सामाईक म्हणजे वाड्यातल्या विहिरीसारखं, पाणी सगळ्यांचं. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपन्यांनीही त्यात साथ दिली. त्यांना काय फायदा? वापरणाऱ्यांच्या अडचणी त्यांना थेट कळतात आणि पुढचं यंत्र आणखी चांगलं होतं.

मग या दालनात आपल्या शाळेतल्यापेक्षा वेगळं काय असतं? तीन गमती सांगते.

त्याआधी मोजमाप. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. पुष्कळसे जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे. पेशी बहुधा पारदर्शक असते, पाण्यातल्या काचेसारखी. मग तिच्या आतलं दिसणार कसं? त्यासाठी हवा असलेला भाग चमकवतात. नोट खरी की खोटी हे तपासायचा जांभळा दिवा तुम्ही दुकानात पाहिलाय ना? त्याखाली नोटेतले धागे चमकतात. तसंच हे. चमकणारं एक हिरवं प्रथिन तर चक्क एका जेलीफिशमध्ये सापडलं. ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञानं १९६२ साली ते शोधलं. त्यासाठी जेलीफिश पकडायला त्यांची बायको-मुलंही जाळी घेऊन धक्क्यावर जायची! या प्रथिनाबद्दल २००८चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं.

आता गंमत पहिली. कवडसा. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात येतो, तेव्हा हवेतले धूलिकण कसे लखलखतात! बाकीच्या खोलीतही धूळ असतेच, पण दिसते फक्त कवडशातली. कारण उजेड एका बाजूनं येतो आणि आपण दुसऱ्या बाजूनं बघतो. नेमकी हीच युक्ती वापरून ईएमबीएलच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली एक सूक्ष्मदर्शक बनवला. प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा जिवंत अंड्यातून आडवा न्यायचा आणि वरून बघायचं. एकेक थर उजळतो, बाकीचं अंधारात राहतं. प्रकाशाचा मारा कमी, म्हणून जीव दुखावत नाही. याच रीतीनं २००८ साली तिथं झेब्राफिश नावाच्या इवल्या माशाच्या अंड्याचे पहिले चोवीस तास टिपले गेले. पेशी वाढत, सरकत, हजारो होत मासा कसा घडतो, ते सगळं!

गंमत दुसरी. मेदूवडा. १८७३ साली जर्मनीतल्या अर्न्स्ट आबे यांनी गणित करून सांगितलं की, भिंग कितीही चांगलं असो, साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके प्रकाशाच्या साह्यानं वेगळे दिसणारच नाहीत. जाड ब्रशनं तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिता येईल का? तसंच हे. येना गावातल्या त्यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेलं आहे. आता दगडात कोरलेलं कोण मोडणार? पण श्टेफान हेल या तरुणाला गप्प बसवेना. १९९१ ते १९९३ तो याच ईएमबीएलमध्ये होता. पुढं फिनलंडमध्ये गेल्यावर, १९९४ साली त्यानं युक्ती मांडली. एका लेझरनं ठिपका चमकवायचा आणि लगेच मेदूवड्याच्या आकाराचा दुसरा लेझर टाकून कडेचं चमकणं विझवायचं. उरतं फक्त वड्याचं भोक! म्हणजे ब्रश जाडच, पण टोक बारीक झालं.

गंमत तिसरी. काजवे. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजव्यांनी झाडं लगडतात. सगळे एकदम चमकले तर नुसता उजेडाचा गोळा दिसेल. पण समजा, एका वेळी चार-पाचच चमकले तर? तुम्ही प्रत्येकाची जागा वहीवर ठिपक्यानं मांडाल. मग पुढचे चार-पाच. अशी शेकडो पानं एकमेकांवर ठेवली की काजवान् काजवा जागच्या जागी! अमेरिकेतल्या एरिक बेट्झिग आणि हॅराल्ड हेस या दोन मित्रांनी पेशीतल्या चमकणाऱ्या रेणूंबाबत हेच केलं. दोघांनाही तेव्हा नोकरी नव्हती. पहिलं यंत्र त्यांनी हेसच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत जोडलं! २००६ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. २०१४चं नोबेल बेट्झिग, हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळालं.

कुलपाचं काम कोण करतं?

आता आपल्या कोड्याकडे येऊ. अशी नाजूक यंत्रं सगळ्यांच्या हाती द्यायची, तर ती टिकतात कशी?

आधी खोलीच बघा. अंधार, गारवा आणि शांतता. सूक्ष्मदर्शकाचं जड टेबल हवेच्या उशीवर तरंगत असतं. कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र थरथरतं. जिवंत पेशी ठेवायच्या तर यंत्राभोवती छोटी पेटी असते, आत ३७ अंश तापमान. आपल्या अंगात असतं तेवढंच!

पण यंत्राचा खरा राखणदार म्हणजे माणूस. अशा सामाईक दालनांत काही शास्त्रज्ञ दुसऱ्यांना मदत करण्यासाठीच नेमलेले असतात. तुम्ही तिथं गेलात तर ते आधी खुर्ची देतील आणि विचारतील, "तुम्हाला बघायचंय तरी काय?" कधीकधी उत्तर ऐकून ते म्हणतात, "मग तुम्हाला एवढं महागडं यंत्र नकोच! हे साधं पुरेल." मग शिकवणी. कळ कुठली, भिंग कुठलं, काय कधी करायचं नाही. नीट येईपर्यंत एकट्यानं हात लावायचा नाही. आलं, की मात्र यंत्र तुमचं. पण तेवढ्या वेळापुरतंच हं! तो वेळ आधी नोंदवायचा असतो. दहा ते बारा तुमचे, बारा ते चार दुसऱ्याचे. काम झालं की भिंगावरचं तेल खास मऊ कागदानं टिपायचं. पुढं कुणाची पाळी आहे का ते बघायचं, असेल तर यंत्र चालू ठेवायचं, नसेल तर बंद करायचं.

आणि सर्वांत मोठा नियम कोणता? काही बिघडलं तर लगेच सांगायचं.

हा नियम एवढा मोठा का? समजा, माझ्या हातून चुकीच्या भिंगाला तेल लागलं आणि मी गुपचूप निघून गेले. माझ्यानंतर एक मुलगा येतो. महिनाभर खपून त्यानं पेशी वाढवल्यात. आज, याच दोन तासांत, त्या बघायच्यात. त्याला सगळं धूसर दिसतं. त्याला वाटतं, आपल्याच पेशी बिघडल्या! त्याचा महिना वाया गेला आणि कारण त्याला कधीच कळलं नाही. मी सांगितलं असतं तर? पाच मिनिटांत भिंग पुसून झालं असतं. म्हणून सांगणाऱ्यावर ओरडायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग. ओरडा बसला की माणसं लपवायला लागतात.

तर मित्रांनो, कोड्याचं उत्तर मिळालं का? कुलपाचं काम करतात तीन गोष्टी: शिकवणारा माणूस, नोंदीची वही आणि आपल्यानंतर येणाऱ्याची काळजी.

आणखी एक सांगू? शोध लागला की मोठं नाव होतं ते संशोधकाचं. यंत्र शिकवणाऱ्या, रात्री फोन केला तरी धावून येणाऱ्या त्या मदतनीसाचं नाव पुष्कळदा लेखाच्या शेवटी, आभाराच्या बारीक अक्षरांत असतं. तुम्ही वाचाल तेव्हा तीही ओळ वाचत जा.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही अशी दालनं आहेत बरं का! पुण्याच्या आयसरमध्ये आहे, बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं 'आय-स्टेम' नावाची इंटरनेटवरची व्यवस्था सुरू केली. कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे, ते तिथं बघायचं आणि वेळ मागायची. म्हणजे लहान गावातल्या महाविद्यालयातली एखादी प्राध्यापिकाही मोठ्या यंत्रापर्यंत पोचू शकते. हायडेलबर्गलाही २०२२ साली नवं इमेजिंग सेंटर उघडलं, जगभरच्या संशोधकांसाठी. तिथं जायला आधी काय लागतं? चांगला प्रश्न! प्रश्न चांगला असेल तर यंत्र मिळतं.

आणि तो हूकचा काचेचा मणी आठवतो? आपल्या मेरठमध्ये जन्मलेले मनु प्रकाश अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं तसलंच गोल भिंग वापरून घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक केला, फोल्डस्कोप. १४० पट मोठं दाखवणारा! आणि २०१४ साली तो कसा केला, हे सगळ्यांसाठी छापून टाकलं. लेव्हेनहूकनं नाही, पण हूकनं केलं होतं तसंच!

या आठवड्याचा उद्योग

एक: पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी पट्टी घ्या. बोट पाण्यात बुडवून तिच्यावर एक थेंब सोडा. पट्टी वर्तमानपत्रावर आडवी धरा आणि अलगद वर-खाली करा. अक्षर मोठं दिसेल. आता दुसऱ्या पट्टीला तेलाचं बोट पुसून मग थेंब सोडा. थेंब जास्त गोल बसतो का, ते बघा. कुठल्या थेंबातून अक्षर मोठं दिसतं? का? मला लिहून कळवा. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही. कधीही म्हणजे कधीही!)

दोन: हा उद्योग वर्गानं मिळून करायचा. एक वही घ्या. तिच्यावर लिहा, 'आमच्या सूक्ष्मदर्शकाची वही'. सूक्ष्मदर्शक नसेल तर साधं हातातलं भिंगही चालेल. माझ्या तिसरीच्या वर्गात एकच भिंग आहे, त्याचीही वही आहे! पाच रकाने आखा: नाव, वेळ, काय पाहिलं, पुसून ठेवलं का आणि काही बिघडलं का. मग चौघाजणांनी सरांकडून किंवा बाईंकडून यंत्र नीट शिकून घ्या. ते चौघं पुढच्या चौघांना शिकवतील. वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि नम्रपणे म्हणा, "सर, आम्ही कुलपाऐवजी हे आणलंय. आठवड्यातून एक तास द्याल का?" पहिल्यांदा 'नाही' म्हणाले तर रुसू नका. महिनाभर भिंगाची वही नीट भरा आणि पुन्हा जा. भरलेली वही कोऱ्या वहीपेक्षा जास्त बोलते.

आई-बाबांसाठी दोन ओळी

मुलं वस्तू मोडतील ही भीती आपल्या सगळ्यांनाच असते. पण जे मूल 'माझ्याकडून तुटलं' असं न घाबरता घरी सांगू शकतं, तेच उद्या कोटींच्या यंत्रापुढं भरवशाचं ठरतं. ते सांगायला आलं, तर आधी जवळ बसवा. पुसायचं कसं, जोडायचं कसं, ते मग दोघांनी मिळून बघा.

मग काय मुलांनो, कधी मागताय किल्ली? तुमच्या वहीतल्या नोंदी मला कळवायला विसरू नका. आणि काय पाहिलं, त्याचं चित्रही काढून पाठवा!

तुमची,
बाई